ऑक्टोबरातलं दाट द्रावण

नवरात्राच्या तोंडावर नाशिकची हवा आठवडाभरात पालटते. भाद्रपदातली ओल भिंतींतून उतरते, दुपारचं ऊन मानेवर येऊन बसतं आणि मखमलाबादच्या वाटेवर झेंडूच्या वाफ्यांचा तो तुरट, थोडा औषधी वास गाडीच्या काचेतून आत येतो. माझ्या प्रयोगशाळेत या दिवसांची खूण वेगळी असते. भिंतीवरच्या आर्द्रतामापकाचा काटा रोज जरासा डावीकडे सरकतो. परवा सकाळी आत शिरल्या शिरल्या तो पाहिला, आणि काही वर्षांपूर्वीचा एक ऑक्टोबर अख्खाच्या अख्खा समोर उभा राहिला.

ऑक्टोबरला लोक नावं ठेवतात. ना पाऊस, ना थंडी, नुसता घाम. मला तो आवडतो. लिथियम आणि पाणी यांचं पटत नाही आणि माझं सगळं काम लिथियमशी. पावसाळ्यात लिथियमचं मीठ उघड्यावर ठेवलं तर चहा पिऊन येईपर्यंत ते ओलं होऊन बसतं. म्हणून आमचं निम्मं काम एका काचेच्या बंद पेटीत चालतं. तिला ग्लव्हबॉक्स म्हणतात. आत हवा नसते, आरगॉन वायू असतो. समोरच्या काचेला दोन भोकं आणि त्यांतून आत लोंबणारे काळे, जाड, खांद्यापर्यंतचे हातमोजे. आपण बाहेर उभं राहायचं, त्यात हात घालायचे आणि आतली कामं करायची. त्या मोज्यांतून बोटांना वस्तूचा आकार कळतो, बारकावा कळत नाही. बाटलीचं झाकण घट्ट बसलं की नुसतं फिरलं, हे सांगता येत नाही. हे मी आज इतक्या सहज लिहिते आहे, पण ते कळायला मला एक अख्खा हंगाम द्यावा लागला.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. माहेर कळवणचं, सासर मखमलाबादचं. सिन्नरच्या एका ज्युनिअर कॉलेजात सात वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं होतं. मग तीन वर्षांची रजा काढून नाशिकच्या एका महाविद्यालयात पीएच.डी.ला नाव घातलं. वर्गात माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलं होती. ती मला ‘मॅडम’ म्हणायची आणि मग आपणही विद्यार्थिनीच आहोत हे आठवून मी ओशाळायचे. त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर रजा संपत होती. हातात दोन वर्षं नऊ महिन्यांचं काम होतं आणि सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक बोरस्ते मॅडम. अठ्ठावन्न वर्षांच्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, बोलणं मोजकं. निवृत्तीआधीची त्यांची मी शेवटची विद्यार्थिनी. आणि प्रयोगशाळेत गांगुर्डे मामा. हुद्द्याने परिचर, पण कोणतं रसायन कोणत्या कपाटात कितव्या फळीवर आहे हे मॅडमनाही त्यांनाच विचारावं लागे. मी रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक काळा मार्कर ठेवला होता. कुठल्याही बाटलीत काहीही भरलं की त्याच्या पातळीवर बाहेरून रेघ मारायची. का, असं मी विचारलं नाही. सवय लागली आणि सवय लागल्यावर मी त्या रेघांकडे बघणं सोडून दिलं.

काम होतं लिथियम-गंधक बॅटरीचं. नाशिककराला गंधक काही नवा नाही. द्राक्षबागेत भुरी रोगावर तो वर्षानुवर्षं मारला जातो. तोच पिवळा गंधक बॅटरीत घातला, तर मोबाइलमधल्या आजच्या बॅटरीपेक्षा कितीतरी हलकी आणि जास्त दमाची बॅटरी होऊ शकते. अडचण एकच. बॅटरी वापरायला लागलं की या गंधकाची अशी काही रूपं तयार होतात जी मधल्या द्रावणात विरघळतात. या मधल्या द्रावणाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. विद्युतभार इकडून तिकडे नेणं हे त्याचं काम. पण ते भाराबरोबर गंधकही नेतं. विरघळलेला गंधक आपली बाजू सोडून पलीकडे लिथियमच्या पत्र्यावर जाऊन बसतो आणि परत येत नाही. दर वेळी चार्ज केलं की थोडा गंधक कमी. असा नाण्याएवढा मेलेला सेल, म्हणजे प्रयोगापुरती केलेली छोटी बॅटरी, उघडला की आतला पांढरा कागदासारखा पडदा गडद पिवळा, कधी विटकरी झालेला दिसतो. पडद्याचा रंग पाहिला की आकडे बघायची गरजच उरत नाही. ज्यात गंधक विरघळणार नाही, तरीही ज्यातून भार सुखाने जाईल, असं द्रावण जगभर शोधलं जातं. आम्हीही नाशिकमध्ये बसून तेच शोधत होतो.

माझा उपाय होता एक ॲडिटिव्ह. द्रावणात चिमूटभर घालायचं असं एक संयुग, जे पळणाऱ्या गंधकाला वाटेतच धरून ठेवील. ते कुठे विकत मिळत नव्हतं, मी स्वतः तयार केलं होतं. त्यात दोन वर्षं गेली. त्याला नासलेल्या कोबीसारखा वास यायचा. अंगावरच्या कपड्यांना तो चिकटायचा, बसमध्ये शेजारची बाई खिडकीकडे सरकायची आणि घरी आले की सासूबाई मला ओढणी ओट्यावर काढून ठेवायला सांगायच्या. मला तो वास हळूहळू आवडायला लागला होता. आपल्या हाताने केलेल्या गोष्टीचा वास होता तो.

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत प्रयोगशाळेचा एसी बिघडला. दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात गेला आणि तिथेच बसला. खिडक्या पश्चिमेच्या, दुपारी तीननंतर खोली तव्यासारखी तापायची. गणपती बसले त्या आठवड्यात मी ग्लव्हबॉक्समध्ये एका छोट्या बाटलीत द्रावण केलं: दोन द्रावकं, लिथियमचं मीठ आणि माझं ॲडिटिव्ह. रेघ मारली. त्यातून पहिले सेल भरले. ते नेहमीसारखेच आठवड्याभरात उतरणीला लागले. विसर्जनानंतर त्याच बाटलीतून आणखी भरले. ते जरा बरे निघाले. पितृपक्षात सासूबाई म्हणत होत्या, या दिवसांत नवं काही सुरू करू नको. मी म्हटलं, नवं कुठे, जुन्याच बाटलीतलं आहे. आणि पितृपक्षात भरलेले ते सेल टिकले. दहा दिवस झाले, बारा झाले, पंधरा झाले, संगणकावर त्यांच्या क्षमतेची रेषा आडवी ती आडवीच. इतक्या दिवसांनी मेलेल्या सेलची नाही, जिवंत सेलची आडवी रेषा मी पाहत होते.

एकाच बाटलीतले पहिले सेल वाईट आणि शेवटचे चांगले, हे कसं? मी दोन दिवस विचार केला आणि मला उत्तर सापडलं. म्हणजे मी ते तयार केलं. ॲडिटिव्हला द्रावणात मुरायला वेळ लागतो. लोणच्यासारखं. मी तसं मॅडमना सांगितलं आणि त्यांना इतकं खूश झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसून सगळे आलेख पाहिले, नव्याने पाहिले, मग विभागातल्या दोघातिघांना बोलावून दाखवले. दिवाळीनंतर एका परिषदेला पाठवायचा गोषवारा आम्ही एका बैठकीत लिहून काढला. माझ्या प्रगतीचा आढावा घेणारी समितीही दिवाळीनंतरच बसायची होती. आता समितीची चिंता नाही, असं मॅडम म्हणाल्या.

एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. ते शेवटचे सेल भरताना बाटलीतलं द्रावण पिपेटच्या नळीत सावकाश चढलं होतं. एरवी ते पाण्यासारखं झर्रकन वर येतं. त्या दिवशी ते पातळ पाकासारखं आलं. माझ्या अंगठ्याला ते जाणवलं होतं. रोजच्या वहीत मी तापमान लिहिलं, वेळ लिहिली, सेलचे क्रमांक लिहिले. हे लिहिलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. लिहावंसं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही हे आतल्या आत मला ठाऊक होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच तोडलेल्या झेंडूची टोपली माझ्याबरोबर दिली. मामांनी पांढरं धोतर नेसलं होतं. वजनकाट्याला हळदकुंकू, चार्जिंगच्या यंत्राला हळदकुंकू, निर्वात पंपाला एक फूल. ग्लव्हबॉक्सला मोठी माळ. ती काचेवर बांधायला मामा स्टुलावर चढले, आणि गाठ मारता मारता थांबले. काचेला नाक लावून आत बघत राहिले. मी उदबत्ती घेऊन खाली उभी होते. विभागातले बाकीचे लोक प्रसादाची वाट बघत होते.

मामा खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “ताई, रेघ कुठं हाय अन् पाणी कुठं हाय, तेवढं एकदा बघून घ्या.”

ते सगळ्याच द्रव पदार्थांना पाणी म्हणत. मी वाकून पाहिलं. मार्करची रेघ बाटलीच्या गळ्याजवळ होती. द्रावण बुडाशी होतं. मी त्यातून किती काढलं होतं याचा हिशेब मला तोंडपाठ होता. तेवढ्याने पातळी निम्म्यावर यायला हवी होती. उरलेलं कुठे गेलं? मी मोज्यांत हात घातले, झाकण उघडलं आणि काचेजवळ आणून पाहिलं. झाकणाच्या आतल्या चकतीला तडा होता, केसाएवढा. महिनाभर तापलेल्या खोलीत त्या तड्यातून द्रावक उडून जात होतं. मीठ उडत नाही. मीठ तेवढंच राहिलं, द्रावक कमी कमी होत गेलं, आणि द्रावण दिवसेंदिवस दाट होत गेलं. काही मुरलं वगैरे नव्हतं. आटलं होतं.

माझ्या मागे आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत होते. पलीकडे बोरस्ते मॅडम डोळे मिटून उभ्या होत्या. तेव्हाच्या तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

दसऱ्याच्या दिवशी मी सासूबाईंबरोबर फुलबाजारात घरचा झेंडू विकायला बसले. आमच्या घरात हा एक दिवस सगळ्यांनीच बसायचं असतं. नवरा सिन्नरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून परस्पर येणार होता. समोर पिवळ्या आणि भगव्या झेंडूचे ढीग, बाजूला आपट्याच्या फांद्या, गर्दी, घासाघीस, ओल्या गोणपाटाचा वास. मी एका गिऱ्हाइकाला पाव किलोऐवजी किलोभर फुलं घातली, आणि सासूबाईंनी ती शांतपणे परत काढून घेतली. गर्दी ओसरल्यावर त्यांनी विचारलं, ध्यान कुठं आहे तुझं? मी सांगितलं. बॅटरी, गंधक, द्रावण, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मध्ये एकदा उठून दोन हार दिले, परत बसल्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की तुझ्या त्या वासाच्या औषधाने ती चांगली झाली का पाणी आटल्याने, हे तुला नक्की ठाऊक आहे का. मी म्हटलं, नाही.

“मंग तेच बघ ना आधी,” त्या म्हणाल्या. “दिवाळीला अजून लय दिवस हायेत.”

आज मी विद्यार्थ्यांना नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे फळ्यावर आकृती काढून समजावते, तेव्हा मला तो झेंडूचा ढीग आठवतो. कुठलीही दोन कारणं एकत्र आली की त्यांना वेगळं करून बघायचं. त्यापलीकडे त्यात काही नाही. हे मला येत नव्हतं असं थोडंच होतं? सात वर्षं मी ते शिकवलं होतं. स्वतःच्या लाडक्या गोष्टीवर ते चालवायला हात धजत नव्हता, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी दोन द्रावणं योजली. पहिलं दाट, पण त्यात माझं ॲडिटिव्ह नाही. दुसरं नेहमीसारखं पातळ, त्यात ॲडिटिव्ह भरपूर, नवी झाकणं, नव्या चकत्या, आणि ते तसंच तीन आठवडे मुरत ठेवायचं असं ठरवलं होतं. पण तेवढा वेळ हाताशी नव्हता, म्हणून त्याऐवजी सप्टेंबरात तेच मिश्रण भरून बाजूला ठेवलेली एक जुनी, न उघडलेली बाटली घेतली. तिच्यावरची रेघ आणि आतली पातळी तंतोतंत जुळत होती. दर बाटलीचं वजन करून वहीत लिहिलं. प्रत्येकातून सहा सेल भरले. मामा काचेबाहेर उभे राहून माझ्या हातांकडे बघत होते. ते कागदावर सहा आणि सहा अशा खुणा करत गेले.

मग वाट बघणं. त्या दिवसांची मला आठवण आहे ती आवाजांची. चार्जिंगच्या यंत्राचा बारीक गुणगुण आवाज, बाहेर मैदानावर कवायत, कॉलेजच्या फाटकाशी रस काढणाऱ्याच्या चरकाचे घुंगरू. मला वाटत होतं की पातळ द्रावणातले सेल टिकावेत. उघडच वाटत होतं. मी रोज सकाळी आधी त्यांचीच रेषा उघडून पाहायचे. पाचव्या दिवशी ती वाकली. आठव्या दिवशी सहाच्या सहा उताराला लागले होते. दाट द्रावणातले, ज्यात माझ्या दोन वर्षांचा एक कणसुद्धा नव्हता, ते सगळे आडव्या रेषेत चालले होते. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी मी दोन्हींकडचा एकेक सेल उघडला. ॲडिटिव्हवाल्याचा पडदा विटकरी. दाटवाल्याचा जवळजवळ पांढरा, कडेला नुसती हळदीच्या बोटाएवढी पिवळी छटा. मी ते दोन पडदे शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. इतकं स्वच्छ उत्तर मला त्या तीन वर्षांत कधी मिळालं नव्हतं.

त्याचं कारण पुढे वाचून कळलं. मिठाचे कण द्रावकाच्या रेणूंना स्वतःभोवती गोळा करून ठेवतात. मीठ भरपूर असलं की सगळे रेणू त्याच्या तैनातीत अडकतात, जसं लग्नघरात पाहुणे फार झाले की घरातलं एकही माणूस मोकळं राहत नाही. मग गंधकाला विरघळवून न्यायला कुणी रिकामं उरतच नाही. जगात हे काहींनी आधीच करून पाहिलं होतं. मी तिथे तडा गेलेल्या झाकणातून पोहोचले.

मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा त्या परिषदेच्या भाषणाची पानं लावत होत्या. मी दोन पडदे पेट्रीडिशमध्ये घालून टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. चकतीचा तडा, पिपेटमध्ये सावकाश चढलेलं द्रावण, वहीत न लिहिलेली ओळ, सहा आणि सहा. त्यांनी चष्मा काढून पुसला. विचारलं, सहाही? मी म्हटलं, सहाही. त्यांचा चेहरा पडला नाही, उलट त्या जरा सैलावल्यासारख्या वाटल्या, आणि मला वाटलं, सुटले. मग त्यांनी विचारलं, पहिली शंका कधी आली. मी म्हटलं, खंडेनवमीला.

मध्यंतरी त्यांनी परिषदेला होकार कळवला होता, विभागाच्या बैठकीत माझं नाव घेऊन हा निकाल सांगितला होता. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं.

“शंका आली त्या दिवशी सांगायचं असतं,” त्या म्हणाल्या. “खात्री झाल्यावर तर कुणीही सांगतं.”

आवाज चढला नव्हता. मी खाली बघत होते. त्यांनी संगणक माझ्या बाजूला वळवला आणि माझ्यासमोर परिषदेला पत्र लिहिलं: निकालाचं कारण आम्ही चुकीचं मानलं होतं, गोषवारा मागे घेत आहोत. खाली आधी स्वतःचं नाव घातलं, मग माझं. पाठवलं. मग म्हणाल्या, मीही आलेख पाहिले होते. एकाच बाटलीतले सेल चढत्या क्रमाने सुधारत गेले हे मलाही दिसलं होतं आणि मी बाटली बघायला उठले नाही. त्या वाक्याने मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

समितीपुढे मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. एका सदस्यांनी विचारलं की म्हणजे दोन वर्षं वाया गेली का. मी म्हटलं, ॲडिटिव्हची गेली, माझी नाही. हे उत्तर तयार करून नेलेलं नव्हतं. तिथे उभी असताना ते खरं आहे असं जाणवलं आणि तोंडातून निघालं. त्यांनी एक वर्ष वाढवून दिलं. रजा मात्र वाढली नाही. जानेवारीपासून मी पुन्हा सिन्नरला शिकवायला लागले आणि शनिवार-रविवार प्रयोगशाळेत यायला लागले. सिन्नर ते नाशिक रोड, तिथून दुसरी बस, डब्यात भाकरी, पिशवीत वही.

दाट द्रावणाने काही लगेच सुख दिलं नाही. त्याच डिसेंबरात नाशिकची थंडी उतरली आणि आमचे सेल सुस्तावले. तापलेल्या खोलीत आडव्या रेषेत चालणारे सेल सकाळच्या गारठ्यात निम्मंही काम करेनात. पाक गारठला की चमच्यानेही हलत नाही, तसं. कळवणला माहेरी गेले होते तर तिथे पहाटे नळाचं पाणी हाताला चावत होतं, आणि मी अंगणात शेकोटीपाशी बसून विचार करत होते की मिठाला हात न लावता नुसती दाटी सैल करणारा असा कोणी तिसरा द्रव असेल का. तसे द्रव असतात. मिठाशी त्यांचं देणंघेणं नसतं, ते नुसते मधे मधे शिरून वाट करून देतात. योग्य तो सापडायला आणि त्याचं प्रमाण जुळायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. पण ते वर्ष वेगळं होतं. रोजच्या वहीत मी आता सगळं लिहीत होते: अंगठ्याला काय जाणवलं, वास कसा आला, मामा काय म्हणाले. काही ओळी वेडगळ होत्या. त्यांतल्या दोन उपयोगी पडल्या.

पुढच्या डिसेंबरात गारठ्याच्या सकाळीही रेषा आडवी राहिली. ती पाहिली तेव्हा मी एकटीच होते. मामा निवृत्त होऊन गावी गेले होते. मी त्यांना फोन केला. ते कांद्याच्या शेतात होते, वाऱ्याचा आवाज येत होता. त्यांनी आधी विचारलं, झाकणं नीट हायेत ना. मग म्हणाले, लय चांगलं झालं.

प्रबंधात ॲडिटिव्हचं प्रकरण ठेवायचं की नाही यावर माझी आणि मॅडमची चर्चाही झाली नाही. मी ते लिहून नेलं, त्यांनी शुद्धलेखन तपासून परत दिलं. चाळीस पानं, आणि शेवटी एक वाक्य: हे संयुग काम करत नाही.

तोंडी परीक्षेचा दिवस प्रबंध दिल्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारीतला होता. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, सावकाश बोलणारे, हातात पेन्सिल घेऊन बसलेले. दाट द्रावणाच्या प्रकरणांवर त्यांनी थोडेच प्रश्न विचारले. मग त्यांनी नेमकं ॲडिटिव्हचं प्रकरण उघडलं आणि तिथेच थांबले. एकाच बाटलीतून ओळीने भरलेल्या सेलचा तो आलेख, पहिले वाईट, मधले बरे, शेवटचे चांगले. पेन्सिलीचं टोक त्यांनी त्या चढावर ठेवलं. सभागृहात मागे सासूबाई बसल्या होत्या, त्यांनी पदर सावरला. मला वाटलं, आता ते विचारणार, हे अपयश कशाला छापलंत.

त्यांनी विचारलं, बाटलीचं वजन दर वेळी करायला कधीपासून लागलात? मी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली, परीक्षा संपली असं जाहीर केलं, माझं अभिनंदन केलं आणि टाळ्या वाजत असतानाच उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

मी मागोमाग गेले. ते फोनवर बोलत होते. त्यांच्या विद्यापीठात एक विद्यार्थिनी गेली दीड वर्ष याच जातीच्या संयुगावर काम करते आहे, असं ते मला नंतर म्हणाले. तिचाही आलेख असाच चढतो आहे आणि तिचा लेख पुढच्या आठवड्यात जायचा आहे. त्या क्षणी मला त्यांची बाजूच तेवढी ऐकू येत होती. त्यांनी तिला लेख थांबवायला सांगितलं. बाटली काढून पातळी बघायला सांगितलं. मग ते फोन कानाशी धरून थांबले. बराच वेळ. पलीकडून काही येत नव्हतं. ती शांतता मला ओळखीची होती.

मी हात पुढे केला. त्यांनी जरा विचार केला आणि फोन माझ्याकडे दिला.

मी माझं नाव सांगितलं, आणि आत्ताच याच कामाची परीक्षा देऊन बाहेर आले आहे असं सांगितलं. तिने बाटली बघितली होती, पातळी हिशेबापेक्षा खाली होती. तिचा आवाज अगदी लहान येत होता.

“मॅडम,” ती म्हणाली, “मग आता मी काय करू?”

काय करायचं ते मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, एकेक पायरी, किती दिवस लागतात, कुठल्या दिवशी फार वाईट वाटतं, आणि त्यानंतर काय हाती लागतं, तेसुद्धा.

“आधी जेवून घे,” मी म्हटलं. “मग वही घेऊन बस आणि मला फोन कर. आपण पहिल्या सेलपासून सुरुवात करू.”